बाबांची साखर आणि बिल्डिंगीचे डबे

ज्या वर्षी बाबांची साखर वाढली, त्या वर्षी अख्ख्या बिल्डिंगीचे डबे आमच्या ओट्यावर होते.

बिल्डिंग म्हणजे मालाडची आमची जुनी, तीन मजल्यांची. लिफ्ट नव्हती आणि दारं फक्त झोपताना लागायची. कोणाकडे काय शिजतंय हे जिना चढताना नाकाला कळायचं. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात, आणि रिटायर झाल्यावर गॅलरीतल्या खुर्चीत. सकाळी चहात बुडवून बटर, दुपारी भाताचा डोंगर, चारला पुन्हा चहा आणि आईने केलेला बेसनलाडू. या दिनक्रमात त्यांना काही खोट दिसत नव्हती. मलाही दिसत नव्हती, कारण चारचा दुसरा लाडू माझा असायचा.

मग पायाच्या अंगठ्याला चपलेने लागलं आणि ती जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून बाबांकडे पाहिलं.

"गोड बंद. भात निम्मा. भाज्या, डाळी वाढवा, मासे खा पण तळलेले नको. आणि जखम सुकली की रोज चाला. गणपतीच्या आधी परत या. साखर खाली आली नाही तर गावाला जायचं विसरा."

चवथीला बाबा गावी नाहीत असं एकही वर्ष गेलेलं नव्हतं. गणपतीच्या डोक्यावरची माटवी, म्हणजे रानातल्या वेलींची आणि फळांची ती टांगलेली आरास, आमच्या घरात त्यांच्याशिवाय कोणी बांधत नसे. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "चवथीक माका गावाक जावचाच हा." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "आणि बिल्डिंगीत कोणाक सांगू नको. सगळे मिळान माका आजारी करतले."

मी मनात शपथ घेतली की बाबांना गावी पोचवणार म्हणजे पोचवणार. (माझ्या शपथा हा घरात चिंतेचा विषय आहे.) डॉक्टरांनी सांगितलं होतं ते एका चिठ्ठीच्या पाठीवर मावलं असतं. पण मी घरी येऊन मोबाइलवर आहाराचे व्हिडिओ बघितले आणि दुसऱ्या दिवशी ओट्स घेऊन आलो.

बाबांनी चमचा वाडग्यात उभा केला. तो उभाच राहिला.

"ह्या खावचा काय कागद चिकटवूक वापरूचा?"

"बाबा, यात फायबर असतं."

"मगे तूच खा ता."

आणि ते चप्पल घालून खाली निघून गेले. पुढे जखम सुकत आली तसा हा रोजचा क्रम झाला. मी ओट्स शिजवायला घेतले की बाबा फिरायला.

माझी बायको स्मिता म्हणाली, "अरे, डॉक्टरांनी ओट्सचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आई त्यांना भात कमी वाढतायत, कुळथाची पिठी करतायत, भाजी देतायत. बास ना तेवढं."

पण मला तेवढं बास नव्हतं. घरात गोड असेल तर बाबा कधी ना कधी हात घालणार, सबब घरातलं गोड बाहेर गेलं पाहिजे. मी कपाट उघडलं. बेसनलाडूंचा डबा, गावाहून आलेला खाजा, गुळाची ढेप. मी कचऱ्याची पिशवी उघडली आणि आई आडवी आली.

"अन्न टाकूचा नसता रे. शेजारी दी."

इथे मी थांबायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगीत शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नसत. घरात काही नसेल तर निदान मूठभर साखर तरी घालायची, पण रिकामा डबा म्हणजे अपशकुन आणि अपमान, दोन्ही एकदम. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरीही मी लाडू शेजारच्या शहाबेनना दिले, खाजा वरच्या मजल्यावरच्या कांबळेकाकूंना दिला आणि हात झटकत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शहाबेनचा डबा आला, त्यात मोहनथाळ. कांबळेकाकूंचा आला, त्यात शेंगदाण्याचे गूळ घातलेले लाडू. तळमजल्यावरच्या आजींना गूळ दिला होता. त्यांनी खरोखरच डबाभर साखर पाठवली. दिलं त्यापेक्षा जास्त परत आलं होतं.

"आता?" स्मिता म्हणाली.

"आता काय, मोहनथाळ कांबळेकाकूंकडे आणि शेंगदाण्याचे लाडू शहाबेनकडे. सिंपल."

सिंपल वाटलं खरं. पण दारात नुसता डबा ठेवून कोणी परत येऊ देत नसे. "ये ना, बस. आत्ताच काढलंय, चव बघ." नाही म्हणावं तर माणसाला वाईट वाटतं. तेव्हा मी बसायचो आणि चव बघायचो. शिवाय देण्याआधी पदार्थ बिघडला नाही ना हे घरी तपासायला लागायचं, ते काम मीच करत होतो. (जबाबदारीचं काम दुसऱ्यावर टाकायची मला सवय नाही.)

आठवड्याभरात डब्यांचा घोळ झाला. सगळे स्टीलचे, सगळ्यांवर कोणाची ना कोणाची नावं कोरलेली, आणि कोणत्या डब्यात कोणाचं काय हे फक्त आईला कळत होतं. एकदा आई भाजी आणायला गेली असताना मी घाईत एक डबा उचलला आणि शहाबेनच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, एक वडी उचलून उलटीपालटी केली.

"आ तो मारो मोहनथाळ छे."

"नाही हो, असाच दिसतो..."

"चारोळी मी उभी लावते. दुसरं कोण लावते?" त्यांचा चेहरा पडला. "तुला नाही आवडला तर सांगायचा ना, दीकरा. परत कशाला पाठवला?"

शहाबेननी मला लहानपणी परीक्षेला जाताना दहीसाखर भरवली होती. त्यांचा तो चेहरा मला बघवेना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तसं नाही, बेन. बाबांना शुगर झालीये."

मी घरी पोचायच्या आत बातमी तिसऱ्या मजल्यावर गेली होती.

संध्याकाळी दार वाजायला लागलं. शहाबेन कारल्याचा रस घेऊन आल्या. कांबळेकाकू भिजवलेल्या मेथ्या घेऊन आल्या. तळमजल्यावरच्या आजी जांभळाच्या बियांची पूड. सगळ्यांनी बाबांच्या खुर्चीभोवती उभं राहून त्यांना किती बारीक झालात म्हणून सांगितलं. बाबा फक्त माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला कारल्याच्या रसापेक्षा कडू लागलं.

सगळे गेल्यावर ओट्यावर औषधांचे डबे रांगेत उभे होते. आईने ते घासले, पुसले आणि कमरेवर हात ठेवले.

"आता हे रिकामे कसे धाडतलंय?"

तिने रवा भाजायला घेतला. बाबांची साखर उतरावी म्हणून घरात आलेल्या डब्यांतून आमच्या घरातून रव्याचे लाडू बाहेर पडू लागले. त्यांची तपासणी अर्थातच मी केली.

गणपती जवळ आले. बॅगा भरून ठेवल्या होत्या, पण बाबांनी त्यांना हात लावला नव्हता. डॉक्टरांकडे जाताना मी मनात गणपतीला हजार गोष्टी कबूल करत होतो. डॉक्टरांनी अंगठा पाहिला, जखम बुजली होती. रिपोर्ट पाहिला आणि हसले.

"छान. काय केलंत?"

"काय नाय," बाबा म्हणाले. "हिने भात कमी वाढल्यान, मी खाल्लंय. आणि ह्याचे ओट्स चुकवूक चालत होतंय."

"जा गावाला." मग डॉक्टरांची नजर माझ्या शर्टाच्या मधल्या बटणावर स्थिरावली. "तुम्हीही करून घ्या तपासणी. आलाच आहात तर."

माझा रिपोर्ट आल्यावर त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

त्या वर्षी बाबांनी स्टुलावर चढून माटवी बांधली. मी खालून एकेक फळ वर देत होतो आणि माझे डोळे उगाच भरून येत होते. दुपारी पंगत बसली. केळीच्या पानांवर मोदक वाढायला बाबा स्वतः निघाले, माझ्यापाशी आले आणि पुढे सरकले. मग मागे वळून त्यांनी माझ्या पानावर वालीच्या शेंगांच्या भाजीचा ढीग घातला.

"मोदक बघूचो. खावचो नाय," ते म्हणाले. "फायबर खा."

आता आई-बाबा गावीच असतात. बाबांची साखर आटोक्यात आहे आणि फोनवर ते मला भात किती खाल्लास विचारतात. बिल्डिंग पाडली. शहाबेन मुलाकडे गेल्या, कांबळेकाकू बदलापूरला. त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, दारं बंद असतात. राहायला आलो तेव्हा मी समोरच्यांना नारळाच्या वड्यांचा डबा देऊन आलो. घरी येऊन, खरं सांगतो, वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या हाती डबा परत आला. घासलेला, पुसलेला, रिकामा. मी झाकण दोनदा उघडून पाहिलं.

मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर खूश झाले.

"वा! काय बदल केलात?"

"शेजार," मी म्हटलं.