अर्थ पाहणे

वडप्याच्या शेतावरच्या आमच्या जुन्या ट्रॅक्टरने एका वर्षात स्टार्टर मोटार तीनदा खाल्ली. माझे धाकटे दीर दहावीनंतर आठ महिने एका गॅरेजात होते, आणि तेवढ्या भांडवलावर ते घरातल्या सगळ्या यंत्रांचे डॉक्टर झाले होते. निदान ठरलेलं: "वहिनी, मोटारच हलकी हाय." मग ती पिशवीत घालून शेअर रिक्षाने भिवंडीच्या धामणकर नाक्यावर दुरुस्तीला न्यायची मी, कारण माझं ऑफिस तिथलं.

प्रत्येक बिघाड मी वहीत लिहीत असे. कारणाच्या रकान्यात तीनदा ‘मोटार खराब’ लिहिलं, तेही भाऊजींनी सांगितलं म्हणून.

तिसऱ्या वेळी भाताची रोपं लावणीला आली होती. आठवड्यात चिखलणी झाली नाही तर ती जून होऊन वाया जाणार होती, आणि दुसरा ट्रॅक्टर मिळणार नव्हता. नाक्यावरच्या दुकानातल्या उस्तादांनी मोटारीचं जळलेलं वाइंडिंग नव्याने करून दिलं आणि चष्मा वर सारून म्हणाले, "बहनजी, मोटर बेकसूर है. अर्थ देखो." बॅटरीची एक तार ट्रॅक्टरच्या लोखंडाला बांधतात, ती म्हणजे अर्थ, हे त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. मी वहीत लिहिलं: अर्थ पाहणे.

घरी भाऊजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. "ट्रॅक्टरचा अर्थ? संदर्भासह स्पष्टीकरण लिवायचाय काय?" गॅरेजातले आठ महिने बहुधा चहा आणण्यातच गेले असावेत.

मी वही मागे चाळली. पहिला बिघाड दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी, त्याआधी एकही नाही. त्या दसऱ्याला पूजेसाठी भाऊजींनी ट्रॅक्टर रंगवला होता. एकेक बोल्ट काढून, त्याखालीही लाल ऑइलपेंटचे दोन हात. वर अर्थची तार आवळली, ती रंगावरच. वीज पुरेशी पोचत नसे, मोटार अडखळे, भाऊजी किल्ली पिळत राहत आणि मोटार जळे.

मी त्या तारेचा बोल्ट काढला आणि बोथट सुरीने लोखंड चकाकेपर्यंत रंग खरवडला. मोटार बसवली, किल्ली फिरवली. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. चिखलणी चार दिवसांत आटोपली, लावणी वेळेत झाली.

बांधावर भाऊजी शेजाऱ्यांना सांगत होते, "मी कधीपासून सांगतोय, मोटारीत काय न्हाय."

वहीतल्या तिन्ही नोंदी खोडून मी लिहिलं: दसऱ्याचा रंग. पुढच्या दसऱ्याला भाऊजी रंगाचा डबा घेऊन आले तेव्हा ते पान उघडून पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि डबा उचलून गोठ्याचं दार रंगवायला गेले. बिजागऱ्यांसकट.