येसू धावला!

आमच्या बेटावरच्या अख्ख्या प्लेन दे पपाय गावात पळण्यात मला हरवणारा माणूस जन्मला नव्हता. म्हणजे मी शर्यतीत कधी उतरलोच नाही! मी पळायचो तो मळ्याच्या सिरदाराला, म्हणजे मुकादमाला बघून, आणि त्याचं पोट एवढं सुटलेलं की तो मला कसला गाठतोय! खरी पळणारी आमच्या घरात एकच, माझी भाची येसू. तिच्या क्लबात मी पाण्याची बादली सांभाळायचो. ऊस तोडल्यावर शेतात पाचट साचतं ना, तसे त्या क्लबाचे किस्से माझ्याजवळ साचलेत. काडी लावायचा अवकाश!

* * *

आधी माझं तेव्हाचं मराठी ऐका. आमचं रोजचं बोलणं क्रेओलमध्ये, आणि क्रेओलात तो, ती, ते ही भानगडच नाही. बाप असो, आई असो, बकरी असो, सगळ्यांना एकच शब्द: 'ली'. त्यामुळे मराठीत माझी आक्का 'आला' आणि तिची येसू 'धावला'. संध्याकाळी बैठकेत मराठी शिकवणारे गुरुजी कपाळ बडवायचे.

"धाकू, 'ली' तुला येते ना? मग ती 'धाव'ला लाव! येसू धावली!"

"येसू धावली," मी म्हटलं. "आणि गुरुजी, काल बैल पण धावली!"

गुरुजींनी खडू फेकून मारला. जोरात लागली!

पण मैदानात बादली बडवत मी ओरडायचो ते "धावला रे, येसू धावला!" हळूहळू सगळा गाव तेच ओरडू लागला. व्याकरण गेलं उसात!

* * *

आमचे कोच मिस्ये रोलाँ. आठशे मीटरचं त्यांचं एकच तत्त्वज्ञान: "पहिल्या फेरीत डोकं, दुसऱ्या फेरीत पाय." एकदा शर्यतीआधी मी त्यांच्या दालपुरीत मिरचीची चटणी जरा सढळ हातानं घातली. पोरी रेषेवर वाकलेल्या, मिस्येंनी घास घेतला आणि अशी आरोळी ठोकली की येसू सुटली! तिच्यामागे बाकीच्या! पिस्तूलवाला अजून पिस्तूल भरतोच आहे! शर्यत पुन्हा घ्यावी लागली. येसू दोन्ही वेळा पहिली.

"मामा," ती धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वेळी मिरची कमी घाल. मी दमते!"

* * *

पावसाळी क्युरपिप शहरात मैदान म्हणजे चिखल. तिथे एका शर्यतीत छत्रीखालची एक मादाम, तिची लेक येसूच्या मागे पडलेली, ओरडायला लागली, "हा मुलगा आहे! पाठ बघा कशी आहे!"

येसू जिंकली आणि थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मादाम, तुमच्या लेकीनं माझी पाठच पाहिली, तिचा इलाज नव्हता. तुम्ही समोरून बघा की!"

आम्ही हसून लोळलो. मिस्ये रोलाँ मात्र हसले नाहीत.

* * *

मग येसूची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली. आक्कानं लोणच्याची बरणीसुद्धा बांधून ठेवली! पण जाण्याआधी पोरींची एक तपासणी व्हायची. पुरुषांना माफ! डॉक्टर काडीनं गाल आतून खरवडायचा, ते काचेखाली बघायचा आणि सांगायचा, ही बाई आहे की नाही. मी येसूला म्हटलं, "आधी मिरचीचं लोणचं खाऊन जा. डॉक्टर शिंकत बसेल!"

निकाल आला. एका साहेबानं मिस्येंना बाजूला घेऊन हळूच सांगितलं: काचेखाली काही वेगळंच दिसतंय. पोरगी बायकांत धावू शकत नाही, यापुढे कधीच नाही. बोभाटा नको, पाय मुरगळला म्हणा आणि घरी न्या.

खरवडला गाल आणि मुरगळला पाय! असा डॉक्टर तुम्ही कुठं पाहिलात?

* * *

धडधाकट पायाला बँडेज बांधून येसू ओट्यावर बसली. गाव हळद घेऊन आला. शेजारची सखूमावशी रोज लेप लावायची. एके दिवशी ती थबकली.

"अगो, काल डावा होता ना?"

"डावा बरा झाला, मावशी," येसू म्हणाली. "आता उजव्याची पाळी."

आक्का पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मला विचारू नका. सख्खा भाऊ असून मलाही कळलं नाही.

* * *

गुपित टिकतंय कुठलं! मिस्ये रोलाँ त्या साहेबाशी भांडायला गेले, आणि एवढ्या मोठ्यानं भांडले की बातमी त्यांच्याआधी गावात पोचली. तेव्हापासून येसूसमोर सगळे जपून बोलू लागले. मराठीत बोलायचं तर तो म्हणा नाहीतर ती म्हणा. त्यापेक्षा क्रेओल बरी, 'ली' म्हटलं की सुटलो! चांगले मराठी बोलणारे म्हातारेसुद्धा क्रेओलात शिरले. गुरुजी वैतागले, "एका पोरीपायी माझी बैठक ओस पडली!"

येसू मात्र धावतच राहिली. पहाटे उसाच्या वाटेवर तिची पावलं तेवढी वाजायची.

* * *

पुढे ऐंशीची सालं लागली. गणपती बुडवून आल्यावर देवळाच्या मंडळानं उसाच्या वाटेवरून शर्यत ठेवली, बाया-बाप्ये सगळे एकत्र. येसू अनवाणी येऊन उभी राहिली.

"हिला कुठल्या रांगेत घ्यायचं?" मंडळातला एकजण कुजबुजला.

"पहिल्या!" गुरुजी गरजले.

भोंगा माझ्या हातात, बादली पायाशी. वळणावर ऊस हलला आणि सगळ्यांच्या पुढे येसू! मी भोंगा तोंडाला लावला, "धावला रे, येसू..."

आणि बघतो तर सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघतोय. गुरुजी बघताहेत, आक्का बघतेय. जन्मात पहिल्यांदा मला व्याकरण आठवलं! भोंगा चालू, तोंड उघडं आणि आवाज नाही. येसूनं रेष ओलांडली ती भोंग्याच्या नुसत्या खरखरीत.

ती सरळ माझ्याकडे आली. बादलीतलं पाणी तिनं तोंडावर मारलं.

"मामा, जन्मभर तू मला 'धावला' म्हणालास, मी कधी थांबले का? मग आज तू कशाला थांबलास?"