सुईसाठी दुसरा मजला

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर आजोबांनी जनरल स्टोअर काढलं, तेव्हा गिरणीत जाता-येता कामगार स्टोव्हच्या पिना, दाढीची पाती, पायजम्याच्या नाड्या न्यायचे. गिरण्या गेल्या, दुकान राहिलं. आता चाळीच्या जागी टॉवर होणार, म्हणून बिल्डरच्या माणसाने मला दुसऱ्या मजल्यावर एसी गाळा देऊ केला. मी असा हुरळलो की सही करण्याआधीच ‘दुसरा मजला’ लिहिलेली नवी पाटी रंगवून दुकानावर टांगली आणि सकाळी दुकान बंद ठेवून माल आणायला गेलो!

दुपारी मी परतताच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तणतणत खाली आल्या.

“मेल्या, सकाळपासून चार जणांनी माझं दार वाजवलं. एक बाई सुई मागायला आली, धापा टाकत पाणी प्यायली आणि सुई राहू दे म्हणून उतरली. तुझं गिऱ्हाईक तू असं घालवणार?”

मी गुपचूप पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस कागद घेऊन हजर.

“खाली मोठी शोरूम येणारे. तुम्हाला लिफ्ट आहे ना!”

“सुईसाठी लिफ्टची वाट कोण बघतं? शोरूमला न्या वर.”

“सगळ्यांनी सह्या केल्या. तुम्ही एकटेच अडून बसलाय.”

“मग एकटाच बसतो. तीन पिढ्या बसायचंच काम केलंय.”

गेल्या आठवड्यात तो पाचव्यांदा आला. मी स्टूल पुढे केलं, कटिंग मागवला आणि विचारलं, “तळमजला लिहून आणलात? नाही? मग नुसता चहा घ्या.”