सगळ्यांचं ताट एकच

चाकणच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तो रोज माझ्यासमोर बसायचा. काम दुसऱ्या लाइनवर, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या डब्यात कायम ज्वारीची भाकरी असे. मोडण्याआधी तो ती बोटानं दाबून बघे, कारण पहाटे त्यानंच ती थापलेली असे. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला गहू पचत नाही, एवढं मला त्यानं सांगितलं होतं. एकदा तिनं शेजाऱ्यांकडे बिस्कीट खाल्लं, तर आठवडाभर अंथरुणात होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये गुलाबजाम होते. त्यानं वाटी बाजूला सरकवली.

“खा की राव! मैदा पोरीला चालत नाही, तुम्हाला कुठं पथ्य आहे?” मी म्हणालो.

“संध्याकाळी पोरगी विचारती, बाबा, आज काय खाल्लं? तिला खोटं सांगू वाटत नाही, भाऊ. घरात सगळ्यांचं ताट एकच हाय.”

मग त्यानं डब्यातला भगरीचा शिरा माझ्यापुढं केला. “दोनदा बिघडला. आज मात्र पोरीनं वाटी चाटून पुसून खाल्ली!”

हे सांगताना त्याचा चेहरा जेवढा फुलला, तेवढा मी सुपरवायझर झालो त्या दिवशी माझाही फुलला नव्हता.