डोक्याला लागलेल्यांना विचारायचे प्रश्न

माझ्याकडे किस्से फार साठलेत, आणि त्याचं कारण साधं आहे. ज्याच्या डोक्याला लागतं त्याला नंतर काही आठवत नाही. बाकीचे मॅच बघत असतात. मग लक्षात ठेवायला उरतं कोण? टीमची फिजिओ. म्हणजे मी.

भद्रावतीकडच्या एका फुटबॉल क्लबात मी नऊ वर्षं काढली. क्लब खाजगी, पोरं कॉन्ट्रॅक्टवर, आणि एवढ्या पुरुषांत बाई मी एकटीच. पोरं मान द्यायची, "मॅडम मॅडम" करायची. पण बसमध्ये माझ्या शेजारची सीट कायम रिकामी. चालू मॅचमधून जी तुम्हाला बाहेर काढू शकते, तिच्या शेजारी कोण बसणार?

*

आमचे कोच गेडाम सर. जुने स्ट्रायकर, आयुष्यभर हेडर मारलेले. त्यांच्या काळात डोक्याला लागलं की तोंडावर पाणी मारायचे, नाकाशी कांदा धरायचे, दोन बोटं दाखवून "किती?" विचारायचे. "दोन" म्हटलं की खेळाडू परत आत.

मी नवीन असताना त्यांना विचारलं, "सर, आणि कोणी तीन म्हटलं तर?"

सरांनी जरा विचार केला. म्हणाले, "तीन म्हटलं त पुन्हा पाणी मारायचं."

*

आता नियम बदललेत. मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला, तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही. रक्त येवो न येवो. म्हणून मी मैदानात धावत जाऊन पाच प्रश्न विचारते. हे मैदान कुठलं? हाफ कितवा? शेवटचा गोल कोणी मारला? मागची मॅच कोणाशी झाली? आपण जिंकलो का?

पोरांनी हे प्रश्न पाठ करून टाकले. मॅच सुरू व्हायच्या आधीच उत्तरं घोकून ठेवायची. आमचा बचाव सांभाळणारा स्टॉपर प्रवीण एकदा हवेत दुसऱ्याच्या डोक्यावर आदळला. मी पोचले तर हा उठून बसलेला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं पाची उत्तरं धडाधड म्हणून दाखवली. एकही चूक नाही.

फक्त ती आधीच्या रविवारच्या मॅचची होती.

*

सीझनच्या सुरुवातीला, डोकी शाबूत असताना, सगळ्यांची एक टेस्ट घेऊन ठेवायची असते. एका पायावर उभं राहायचं, महिने उलटे म्हणायचे, मी सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळानं परत सांगायचे. पुढं लागलं तर हा आधीचा निकाल ताडून बघता येतो. पोरं हुशार. आधीच कमी मार्क पाडून ठेवायची, म्हणजे नंतर फरकच दिसणार नाही.

नितेश त्यातला उस्ताद. आमचा गोलकीपर, आरमोरीकडचा. घरचे तलावावर मासेमारी करणारे. एका पायावर उभं करताच त्यानं लोटांगण घातलं. पाच शब्दांपैकी एकही आठवेना. मी निमूट शून्य लिहिलं.

महिन्याभरानं चहाच्या टपरीवर भेटला. कप माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "विळा, ताट, कापूस, घार, पाऊस."

*

त्याच नितेशचं डोकं प्रॅक्टिसमध्ये गोलपोस्टवर आपटलं. मी त्याला नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस, पण विदर्भाबाहेरचा. त्यानं विचारलं, काय होतंय? नितेश म्हणाला, "मले काई नाई होऊन राह्यलं. मी बरा हावो."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बोलणं अस्पष्ट.

मी घाईघाईनं म्हटलं, "नाई सर, आमच्या इकडं असंच बोलतेत. याचं बोलनं बरोबर हाये."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत काळजीनं विचारलं, "तुम्हालाही लागलंय का कुठे?"

नितेश पोट धरून हसला. हसताना त्याचं डोकं ठणकलं, तेव्हा खरं काय ते कळलं.

*

पहिले दोन दिवस आराम. मोबाईल बंद, टीव्ही बंद, खोलीत उजेड कमी. बाकीची पोरं मैदानावर, आणि हा पडद्याआड भिंतीकडं तोंड करून पडलेला. एरवी वीस जणांत राहणारा पोरगा. मी मधून मधून जाऊन बसायची. बोलणंही कमीच ठेवायचं.

त्याचा फोन माझ्याकडे होता. त्याच्या आईचा फोन यायचा. मी सांगायची, आज पोळी खाल्ली, आज उलटी नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन त्याला परत दिला, तर संध्याकाळी बाईंनी माझाच नंबर लावला. मी म्हटलं, बाई, आता नितेशशी बोला, तो बरा आहे.

"त्याच्याशी बोलली मी," त्या म्हणाल्या. "त्याले त सगळेच विचारतेत. तुमाले कोन विचारते? जेवल्या का?"

मी जेवले नव्हते. जेवले म्हणून सांगितलं.

*

खेळायला परतही एकदम सोडत नाहीत. आधी चालणं, मग पळणं, मग नुसते पाय वापरून बॉल, आणि सगळ्यात शेवटी मॅच. डोकं दुखलं की एक पायरी मागे. नितेश मैदानाच्या कडेनं एकटा फेऱ्या मारायचा. मधे सगळे खेळताहेत, आरडाओरडा चाललाय, आणि हा कडेनं. त्याला एकटं वाटू नये म्हणून मीही बरोबर चालायची.

चौथ्या दिवशी गेडाम सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तो मले विचारून राह्यला होता, मॅडमले एकटं वाटते का जी?"

*

मग सेमीफायनल. आमच्याच मैदानावर, भर दुपारी. शेवटची दहा मिनिटं, स्कोअर शून्य-शून्य. समोरचा फॉरवर्ड एकटा निघाला. नितेशनं त्याच्या पायात उडी घेतली. त्याचा गुडघा नितेशच्या कानशिलावर बसला. बॉल नितेशच्या हातातून सुटला आणि सावकाश घरंगळत गोलरेषेपार गेला. मी मैदानाच्या कडेच्या टचलाइनवरून पाहिला.

धावत गेले. त्यानं मैदान सांगितलं, हाफ सांगितला. स्कोअर विचारला तर म्हणाला, "झिरो-झिरो."

मी हात वर करून बदली मागितली. गेडाम सर रेषेवर आले. एरवी ओरडणारा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, दहा मिन्टं राह्यली. दुसरा कीपर अठरा वर्षांचा हाये."

मी म्हटलं, "सर, हे दुसऱ्यांदा लागलंय."

नितेशनं माझा हात धरला. "मॅडम, मी बरा हावो. नका काढू." मी त्याच्या हातातले ग्लोव्हज काढले. प्रेक्षकांतून शिव्या आल्या, त्या मला होत्या. आम्ही एक-शून्य हरलो.

चंद्रपूरच्या दवाखान्याकडे जाताना गाडीत तो मागं माझ्या शेजारी बसला होता. विचारत होता, "स्कोअर किती झाला?" मी सांगितलं, एक-शून्य, हरलो. त्याचा चेहरा पडला. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा सांगितलं. पुन्हा चेहरा पडला, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, पोचलोच आपण.

*

डॉक्टरांनी वर्षभर खेळायचं नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि क्लबनं नवं केलं नाही. पोरांनी मला कधी काही म्हटलं नाही. पण मी ड्रेसिंग रूममध्ये गेले की चाललेलं बोलणं थांबायचं. वर्षभरानं मीही ती नोकरी सोडली.

सोडल्यावर एकदा आरमोरीला जायचा योग आला. नितेशच्या आईंनी जेवू घातलं. मग म्हणाल्या, तलावावर आहे तो, जा भेटून या.

तो काठावर जाळं सोडवत बसला होता. जरा जाड झाला होता. आता डोकं दुखत नाही म्हणाला, फक्त जास्त ऊन सोसवत नाही. मी शेजारी बसले. मग जाळ्यातून नजर न काढता त्यानं विचारलं,

"मॅडम, तो बॉल मी अडवला होता का?"

मी म्हटलं, "अडवला होतास."

त्यानं एक गाठ सोडवली. दुसरी हातात घेतली.

"प्रवीणनं व्हिडिओ पाठवला होता मले," तो म्हणाला. "त्यात त गेलेला दिसते. पन तो लांबून काढलेला हाये. तुमी जवळ होत्या."