कात्री ठेवा, बायांनो

काकूने हातातली कात्री टेबलावर ठेवायची, मशीनचं बटण बंद करायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि शांतपणे म्हणायचं, "कात्री ठेवा, बायांनो." एवढं झालं की आमचं काम ठप्प.

अमेरिकेत, प्लेनोतल्या एका बुटिकच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जणी ब्लाउज आणि लेहेंगे शिवायचो. ती वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची काकू. तिची कात्री सोलापूरहून आणलेली, जड, काळ्या मुठीची. त्या कात्रीने कुणी कागद कापायचा नाही, हा काकूचा कायदा. मी एकदा दोऱ्याचं खोकं कापलं, तर "धार मेली" म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अशी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. एसी बंद पडला, कात्री खाली. चहाची सुट्टी कमी केली, कात्री खाली. ऐन लग्नसराईत बुटिकच्या मालकीण मॅडम कस्टमरला पुढे बसवून मागे धावत यायच्या. "काकू, प्लीज, त्यांचं संध्याकाळी संगीत आहे." काकू म्हणायची, "मग लवकर ठरवा." पाठ टेकायला खुर्च्या आम्हाला अशाच मिळाल्या. आमच्यातली रोझा मेक्सिकोची. तिला मराठीतलं 'कात्री ठेवा, बायांनो' एवढं एकच वाक्य यायचं, आणि ती ते आमच्यापेक्षा ठसक्यात म्हणायची.

मॅडम काही मूर्ख नव्हत्या. काकूच्या नवऱ्याला कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी तिला मॅनेजर केलं. मॅनेजरला इन्शुरन्स होता, आम्हाला नव्हता. केमो सुरू झाली. आम्हाला बरंच वाटलं.

पुढच्याच महिन्यात मशीनची सुई रोझाच्या बोटातून आरपार गेली. मॅडमनी पट्टी दिली आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. रोझा रडली नाही. तिने काकूकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आमची मशीनं आपोआप थांबली होती.

काकूने कात्री थोडा वेळ नुसती हातात धरली. मग समोरचं अस्तर कापायला लागली.

"हात चालवा," ती म्हणाली. "उद्या डिलिव्हरी आहे."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात केमो चालू असती तर मीही तेच केलं असतं. पण मला तिचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. यायला हवा होता मॅडमचा, आला तिचा. मॅडमची हुशारी ती हीच.

नवरा वाचला नाही. तेरावा उरकून काकू कामावर आली. पर्स खाली ठेवायच्या आधी तिने कात्री टेबलावर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कात्री ठेवा, बायांनो. रोझाला परत बोलवू देत, मग शिवू."

एकही मशीन थांबलं नाही. रोझाच्या खुर्चीत तोवर दुसरी बाई बसली होती, आणि आपलं बोट गेलं तर मागे कोण उभं राहणार, हे आम्हाला कळून चुकलं होतं. काकू पर्स तशीच खांद्याला ठेवून पार्किंगकडे निघून गेली. कात्री तिथेच राहिली.

आता बुटिकमध्ये इंडियातून तयार ब्लाउजची खोकी येतात. मॅडम ती त्याच कात्रीने उघडतात. पुठ्ठ्यावर ती करकरत चालते, आणि आम्ही मान खाली घालून शिवत असतो.