घरभेटीचं पेट्रोल

रविवारची भक्ती संपली की आमच्या गोरेगावच्या चर्चमागे चहा असतो. तिथे कुणी नुसतं ‘श्रीलंका’ म्हणायचा अवकाश, की एका बाजूने साळवेकाका, दुसऱ्या बाजूने वंदना आणि मधे मी, असे तिघं सुरू होतो. बायका म्हणतात, "झालं, आता चहावर साय धरणार." करणार काय? प्रवास आठवड्याभराचा, पण घाबरलेल्या माणसाला सगळं लक्षात राहतं ना. आणि मी तर घरातून निघाल्यापासून घाबरलेली होते, त्यामुळे माझ्याकडे साठा सगळ्यात जास्त.

आधी थोडक्यात सांगते. श्रीलंकेत समुद्रकाठच्या एका गावातलं तमिळ चर्च आणि आमचं चर्च यांची जुनी जोडी आहे. ते आमच्यासाठी प्रार्थना करतात, आम्ही त्यांच्यासाठी, आणि अधूनमधून जाणं-येणं. आमची पाळी आली ती नेमकी तिकडे सगळ्याची वाट लागली होती तेव्हा. पेट्रोल नाही, गॅस नाही, दुधाची पावडर नाही, वीज येईल तेव्हा येईल. आमचे हे टीव्ही बघत म्हणाले, "लोक तिकडून बोटीत बसून पळतायत, आणि तू तिकीट काढून चाललीस."

पाळकसाहेब बरोबर आहेत म्हणून मी हो म्हटलं होतं. निघायच्या आठवड्यात त्यांना कावीळ झाली. उरलो तिघं. मी, शाळेच्या ऑफिसात काम करणारी. वंदना, माझी शेजारीण, तिची जीभ सगळ्या बिल्डिंगला माहीत. आणि सांताक्रूझचे साळवेकाका, आमच्या चर्चच्या कमिटीतले सगळ्यात जुने पंच. काकांची ख्याती लांबलचक प्रार्थनेसाठी. त्याहून लांब फक्त त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हकिगत.

* * *

कोलंबोच्या विमानतळावर तपासणीच्या साहेबाने काकांची बॅग उघडली. आत दुधाची पावडर, मेणबत्त्या, तापाच्या गोळ्या, तूरडाळ. काकांचे स्वतःचे कपडे म्हणजे दोन शर्ट आणि एक पायजमा.

"विकायला आणलंय?" साहेबाने विचारलं. (तिकडचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.)

"नाही, चर्चच्या मंडळीसाठी," काका म्हणाले.

साहेब त्या पावडरीच्या पुड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, गेलं सगळं. पण त्याने काहीच काढून घेतलं नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाला, "हे वर ठेवू नका. खाली घाला, वर कपडे ठेवा."

त्याने अडवलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. तो काळजीने बोलला, म्हणून जास्त घाबरले.

काकांच्या दोन शर्टांनी काय झाकणार? वंदनाने तिथल्या तिथे आपली बॅग उघडली, तिचा तो फुलाफुलांचा ढगळ गाऊन काढला आणि पावडरीवर पसरला. "आता बघू कोण हात लावतो," म्हणाली. साळवेकाका पूर्ण प्रवासभर ती बॅग चारचौघांत उघडायला लाजत होते.

* * *

गावच्या रेल्वे स्टेशनवर आम्हाला घ्यायला पास्टर देवदास आले ते सायकल घेऊन. बॅगा सायकलवर लादल्या आणि आम्ही मागून चालत. ऊन असं की बोलायची सोय नाही. घरी पोचलो तर अंगणात ताडपत्रीखाली पांढरी व्हॅन उभी! काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गाडी आहे, आणि आपल्याला चालवलं." जरा लागलंच त्यांना.

घरात पास्टर, त्यांची बायको, जिला सगळे अम्मा म्हणत, आणि सून जेनी. मुलगा आखातात नोकरीला. जेनीला नववा महिना लागलेला, पोट हे एवढं, आणि तरी ही मुलगी हसत हसत आम्हाला शहाळं देत होती.

संध्याकाळी वीज गेली. एक मेणबत्ती लावून सगळे जेवायला बसलो आणि पास्टरांनी काकांना प्रार्थना करायला सांगितलं. काकांनी डोळे मिटले. आधी मुंबईसाठी, मग लंकेसाठी, मग दोन्हीकडच्या सरकारांसाठी. मी मधे डोळे किलकिले करून पाहिलं तर मिट्ट काळोख. चिमटीत धरून अम्माने मेणबत्ती विझवली होती.

काका आमेन म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. पुढे काहीच नाही. त्यांचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. "पोरी," काका म्हणाले, "माझं ऑपरेशन फुकट गेलं गं."

अम्माने काडी ओढली. काकांचा चेहरा घामाने चिंब. अम्मा शांतपणे म्हणाली, "प्रार्थनेत डोळे मिटायचेच असतात. मेण कशाला जाळायचं?"

त्या दिवसापासून काकांची प्रार्थना दोन वाक्यांवर आली. गोरेगावात परत आल्यावर मात्र होती तेवढी झाली.

* * *

आता घरभेटी. आमच्या चर्चची रीत अशी, की बाहेरून पाहुणे आले की त्यांनी मंडळीतल्या घरोघर जायचं, दोन ओळी वाचायच्या, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा. एकही घर सुटता कामा नये. पूर्वी एकदा एक पाहुणे आमच्याकडचं एक घर विसरले, तर ते कुटुंब अजून मागच्या बाकावर बसतं आणि काकांशी बोलत नाही. त्यामुळे काकांनी पहिल्याच सकाळी जाहीर केलं, "आम्ही सगळ्यांच्या घरी जाणार. कुणाला वाईट वाटायला नको."

पास्टर म्हणाले, "घरं लांब लांब आहेत."

काकांनी ताडपत्रीकडे बोट दाखवलं. "गाडी आहे ना."

पास्टरांनी अम्माकडे पाहिलं. अम्माने जेनीकडे. जेनी हसून म्हणाली, "घेऊन जा ना त्यांना, अप्पा." आम्हाला वाटलं, किती गोड घर आहे.

दोन दिवस आम्ही व्हॅनने फिरलो. रस्त्यावर दुसरी गाडी म्हणून दिसत नव्हती आणि आम्ही खिडकीतून हात हलवतोय. प्रत्येक घरी लोक आधी आमच्याकडे बघायचे, मग व्हॅनकडे, मग पास्टरांना तमिळमध्ये काहीतरी विचारायचे. एका म्हातारीने तर त्यांना चांगलंच झापलं. काका म्हणाले, "बघ, उशिरा आलो म्हणून रागावली. माया असते ती."

दुसऱ्या संध्याकाळी वंदना चुलीशी अम्माला मदत करत होती. सहज म्हणाली, "तुमची व्हॅन छान ठेवलीय हो, नवी दिसते."

अम्मा म्हणाली, "वापरतच नाही. पेट्रोल जेनीसाठी ठेवलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशन करावं लागेल, कळा सुरू झाल्या की लगेच आणा, उशीर झाला तर दोघांनाही धोका आहे. हॉस्पिटल लांब, अ‍ॅम्ब्युलन्सचा भरवसा नाही."

वंदनाच्या हातातला डाव तसाच राहिला. "मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"पाहुण्यांना कसं सांगायचं?"

वंदना बाहेर आली तेव्हा मला वाटलं हिला विंचू चावला. तिने सगळं सांगितलं. आम्ही त्या पोरीचं पेट्रोल जाळून घरोघर चहा पीत फिरलो होतो. काका पायरीवर बसले. म्हणाले, "आता हिला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने प्रार्थना करू?"

* * *

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. जेनी जरा वेळ गप्प बसली की मी तिच्यासमोर जाऊन बसायचे. ती उठली की मी उठायचे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की वंदना अम्माला हाक मारायची. शेवटी जेनी वैतागून म्हणाली, "आँटी, मी पाणी प्यायला उठले."

राहिलेल्या घरी आम्ही चालत गेलो. काकांचे गुडघे म्हणजे आनंदच, पण तक्रार नाही. शेवटच्या घरातला माणूस मोठ्या अभिमानाने मोटारसायकल काढून म्हणाला, "काकांना सोडतो." काकांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि किल्ली परत खिशात घालायला लावली.

व्हॅनचा पेट्रोलचा काटा आधीपासूनच बिघडलेला, त्यामुळे किती उरलंय ते पास्टरांनाही नक्की माहीत नव्हतं. एका सकाळी बघते तर काका व्हॅनला खांदा लावून गदागदा हलवतायत आणि टाकीला कान लावून ऐकतायत. मागून पास्टर आले. "काका, काय करताय?"

काका दचकले. "प्रार्थना."

"हलवून?"

* * *

रविवार उजाडला. त्याच रात्री आमचं विमान. संध्याकाळी गावातून कोलंबोची बस होती. मी मनात म्हटलं, एवढा दिवस जाऊ दे देवा, मग काय व्हायचं ते होऊ दे. आणि असा विचार केल्याची मला लगेच लाज वाटली.

भक्तीत काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं. काका म्हणाले, "आम्ही तुमच्याकडे आलो, आणि तुम्ही आम्हाला..." तेवढ्यात पुढच्या बाकावर जेनीने अम्माचा हात घट्ट धरला. काका तिथेच थांबले. ते वाक्य अजून पुरं झालेलं नाही.

व्हॅन दारात आणली. जेनीला आत बसवलं, अम्मा तिच्या शेजारी. आम्ही तिघं बाजूला उभे राहिलो, उगाच आमचं वजन कशाला. तर अम्मा म्हणाली, "बसा, बसा. वाटेत ढकलायला कुणी लागेल."

पेट्रोल पुरणार नाही हे तिला माहीत होतं. आम्ही बसलो.

गाव सुटलं, नारळीच्या बागा सुटल्या. जेनी ओठ आवळून बसलेली, मधूनच तिच्या तोंडून असा आवाज यायचा की मी खिडकीबाहेर बघायचे. वंदना तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीत बोलत होती, "आलं हां, आलं, बाळा." मोठा रस्ता लागला आणि डाव्या हाताला रांग सुरू झाली. पेट्रोलची रांग. रिक्षा, मोटारी, टेंपो, एकामागे एक, पार नजर जाईल तिथपर्यंत. तिच्या पुढच्या टोकाला पंप, पंपाच्या पलीकडे हॉस्पिटल. पंपावर पेट्रोल नव्हतंच. टँकर येईल या आशेवर माणसं रात्रंदिवस तिथे बसलेली.

रांगेच्या शेपटाशी व्हॅनने दोन आचके दिले आणि बंद पडली.

आम्ही उतरून ढकलायला लागलो. काका, वंदना, मी, तिघांची मिळून ताकद ती काय! व्हॅन जेमतेम चार-पाच गाड्या पुढे सरकली असेल, की ओरडा झाला. सावलीत बसलेली माणसं उठून धावत आली. त्यांना वाटलं, आम्ही रांग मोडून पुढे घुसतोय. रांगेवरून डोकी फुटल्याचं आम्ही ऐकलं होतं. एकाच्या हातात जॅकचा लोखंडी दांडा. मी वंदनाच्या मागे लपले, खोटं कशाला सांगू.

पास्टरांनी व्हॅनचं दार सरकवलं. त्या माणसाने आत जेनीकडे पाहिलं. दांडा खाली ठेवला आणि व्हॅनला मागून दोन्ही हात लावले.

तो ढकलत पुढच्या गाडीपर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं दमला. पण नाही. त्याने पुढच्या गाडीवाल्याला हाक मारली आणि पळत आपल्या गाडीपाशी परत गेला. नंबर जाईल ना! पुढचा आला, त्याने आपल्या पुढच्यापर्यंत ढकललं आणि मागे पळाला. मग त्याच्या पुढचा. कुणी बनियनवर, कुणी लुंगीत, एकाच्या तोंडात ब्रश. पूर्ण रांगभर व्हॅन अशी हातोहात पुढे गेली, आणि आम्हाला नुसतं बाजूने पळायचं काम उरलं.

पंपाशी पहिल्या नंबरवर एक रिक्षावाला होता, तरणा पोरगा. त्याच्यापुढे कुणी नव्हतं. त्याने व्हॅनकडे पाहिलं, आपल्या रिक्षाकडे पाहिलं. दोन दिवस धरून ठेवलेला नंबर होता तो. काका धापा टाकत पुढे गेले, त्याच्या रिक्षात चढले, हँडल घट्ट धरून बसले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "तू जा रे बाबा. मी बसतो."

पोरगा गेला. हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्याने व्हॅन नेली. जेनीला स्ट्रेचरवर घेतलं, आत नेलं आणि दार बंद झालं.

आम्ही थांबलो, खूप थांबलो. कुणी बाहेर येईना. अम्मा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. पास्टर म्हणाले, "तुमची बस जाईल, बॅगा घरी आहेत, निघा." न कळताच निघायचं, यासारखी वाईट गोष्ट नाही. रिक्षावाला दारातच उभा होता, तोही हलेना. त्यामुळे पंपावर काकाही हलेनात. "त्याचा नंबर जाईल," म्हणाले. "बस इथूनच जाते ना, मला उचलून घ्या."

मग मी आणि वंदना दोघीच रांगेच्या कडेने गावाकडे चालायला लागलो. प्रत्येक गाडीतला माणूस आमच्याकडे बघून हात हलवून विचारायचा, काय झालं? आम्ही मान हलवायचो, माहीत नाही. मला रडू येत होतं. वंदनासुद्धा गप्प, यावरून समजा.

रांग संपत आली होती. तेवढ्यात मागून गलका ऐकू आला. वळून पाहिलं तर लांबवर माणसं गाड्यांतून उतरत होती, ओरडत होती, आणि तो आवाज आमच्या दिशेने सरकत येत होता. वंदनाने माझं मनगट आवळलं. "पळू नकोस," ती म्हणाली, "नुसती चालत राहा." आम्ही चालत राहिलो. आवाज पाठीशी आला, बाजूने गेला आणि आमच्या पुढे निघून गेला.

सगळ्यात शेवटच्या गाडीतून एक म्हातारा खाली उतरला आणि आमच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हातांची घडी करून बाळाला देतात तसा झोका दिला.

"अम्मा?" वंदनाने विचारलं. "बाळाची अम्मा कशी आहे?"

म्हाताऱ्याने अंगठा वर केला. मग जरा विचार करून वंदनाच्या हातातल्या बांगड्यांकडे बोट दाखवलं.